लेखनाचें वळण

मराठी भाषेनें ‘वळण’ ह्या एका शब्दांत दोन गोष्टी सांठविल्या आहेत. अक्षराला वळण असतें आणि मुलालाही वळण लावावें लागतें. ‘कित्ता’ ह्या शब्दाची कथा अशीच आहे. मुलानें गिरवावा म्हणून पुढें ठेवलेला अक्षरांचा नमुना, हा त्याचा रूढ अर्थ; परंतु थोरांच्या चरित्राचा कित्ता गिरवावा, असेंही मराठी माणूस सहज म्हणून जातो. अक्षर आणि आचरण ह्यांचें नातें मराठी घरांत एके काळीं किती जवळचें मानलें जाई, ह्याची साक्ष हे शब्द देतात.

निबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र ह्या नात्याची आठवण क्वचितच होते. डावीकडे समास सोड, शीर्षक मध्यभागीं लिही, नव्या मुद्द्याला नवा परिच्छेद घे, खाडाखोड करूं नको, पानांवर क्रमांक घाल, अशा सूचना त्याला केल्या जातात आणि त्या त्याला गुरुजींच्या लहरीसारख्या वाटतात. विचार चांगला असला म्हणजे पुरे. कडेला कोरी जागा सोडल्यानें विचारांत कोणती भर पडणार, असा प्रश्न त्याच्या मनांत येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर उपदेशांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें बरें. कारण ह्यांतील बहुतेक सूचनांमागें कोणाची तरी अडचण, कोणाचे तरी श्रम आणि कित्येकदां कोणाची तरी हानि उभी आहे.

इंग्रजी अमलांतील नव्या शाळा निघण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील मुलगा पंतोजींच्या शाळेंत जाई. तेथें आरंभीं त्याच्या हातीं कागद पडत नसे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर तो काडीनें अक्षरें काढी आणि हातानें पुसून पुन्हां काढी. ‘धुळाक्षरें गिरविणें’ हा वाक्प्रचार त्या धुळपाटीवरून आला. हात बसला म्हणजे मग बोरू आणि शाई त्याला मिळे. कागद हातानें बनविलेला, म्हणून मोलाचा. शाई काजळापासून केलेली. आणि बोरूचें टोंक चाकूनें जसें तासावें तसें अक्षर उमटावयाचें. जी वस्तु इतक्या कष्टानें हातीं येते, तिच्यावर निष्काळजीपणानें लिहिण्याची चैन कोणालाच परवडत नव्हती. नीटनेटकेपणाचा पहिला धडा मुलाला अशा रीतीनें साधनांनींच दिला.

ह्या विषयाचें मराठींतील सर्वांत सुंदर निरूपण समर्थ रामदासांनीं करून ठेविलें आहे. रामदासांचा काळ १६०८ ते १६८१ हा होय. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ ह्या नांवाचा आहे. परमार्थाच्या ग्रंथांत कागद, शाई, बोरू आणि रेघा ह्यांना एक संपूर्ण समास मिळावा, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अक्षराला गोलाई असावी, तें ताठ उभें राहावें, शेजारच्या अक्षराला तें चिकटूं नये आणि शाई गडद असावी, असें समर्थ सांगतात. ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर हीं जणूं एकाच टांकानें एकाच बैठकींत लिहिलीं असावीं, इतकी सारखेपणाची त्यांची अपेक्षा आहे. पान आधीं शिशानें आंखून घ्यावें आणि त्या रेघांवर नेमकें लिहावें. एका ओळीची वेलांटी किंवा मात्रा दुसऱ्या ओळींत घुसूं देऊं नये. चांगला कागद कसा निवडावा, त्याला खळ कशी द्यावी, निरनिराळ्या प्रांतांतील बोरू कसे जमवावे, तयार पुस्तक बासनांत बांधून पेटींत कसें ठेवावें, येथपर्यंत त्यांचें लक्ष पोहोंचतें.

परंतु ह्या समासाचें खरें मोल सौंदर्याच्या वर्णनांत नाहीं. तें त्यांतील दोन बारीक सूचनांत आहे. तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें अक्षर म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून अक्षर मध्यम आकाराचें असावें, ही पहिली. लिहिणाराचे डोळे आज तीक्ष्ण आहेत; वाचणाराचे तसे असतीलच असें नाहीं, आणि स्वतः लिहिणाराचेही पुढें तसे राहणार नाहींत. दुसरी सूचना अशी कीं, पानाच्या चारही बाजूंस जागा सोडून मजकूर मध्यें लिहावा, म्हणजे कालांतरानें कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाहीं. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. समास म्हणजे वांया गेलेली जागा नव्हे. ज्याची झीज व्हावयाची ती ह्या कोऱ्या जागेची व्हावी आणि शब्द वांचावे, एवढ्यासाठीं ती सोडलेली असते. परंपरा असें सांगते कीं, दासबोध रामदासांनीं सांगितला आणि कल्याणस्वामींनीं उतरून घेतला. कल्याणांच्या हातची मानली गेलेली प्रत डोमगांवच्या मठांत जतन झाली, आणि विसाव्या शतकांत धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं तिच्या आधारानें ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. जपून लिहिलेली आणि जपून ठेवलेली प्रत किती दूरच्या वाचकापर्यंत पोहोंचते, ह्याचें हें एक उदाहरण आहे.

पोथ्या लिहिणाऱ्या लेखकांनीं लेखनाच्या मांडणीचे जे संकेत रूढ केले, त्यांतील कित्येक तर भाषेच्या रक्तांत मिसळून गेले आहेत. ग्रंथाच्या आरंभीं गणेशाला नमन लिहीत, म्हणून कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘श्रीगणेशा’ म्हणूं लागले. शेवटीं ‘इतिश्री’ लिहीत, म्हणून समाप्तीला ‘इतिश्री’ हा शब्द आला. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन तें झांकीत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. त्यावरून एखादी गोष्ट फुकट घालविणें ह्या अर्थीं ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार निघाला. पोथीचीं पानें सुटीं असत. तीं वाऱ्यानें उडालीं किंवा हातून सांडलीं तर पुन्हां जुळवितां यावीं, म्हणून प्रत्येक पत्राच्या कडेला क्रमांक घालीत. मजकूर काळ्या शाईनें, आणि अध्यायसमाप्तीची ओळ किंवा ‘उवाच’ ह्यासारखे शब्द पुष्कळदां तांबड्या शाईनें लिहीत, म्हणजे वाचणाराची नजर योग्य ठिकाणीं थांबे.

पोथीच्या अखेरीस लेखक कित्येकदां दोन गोष्टी नोंदून ठेवी. जशी प्रत पुढें होती तशीच आपण उतरली, तेव्हां शुद्धाशुद्धाचा दोष आपल्याला देऊं नये, ही एक. दुसरी अशी कीं, पाठ, कंबर आणि मान मोडून, डोळे ताणून, खालीं मान घालून हा ग्रंथ लिहिला आहे, तरी तो प्रयत्नानें सांभाळावा. ह्या ओळी ठराविक सांच्याच्या आहेत. शेंकडों पोथ्यांत त्या आढळतात. तरीही त्यांतील मान मोडून लिहिणारा माणूस खरा आहे. त्याचा वाचक त्याला कधीं दिसणार नव्हता. त्या न दिसणाऱ्या वाचकाला तो विनवीत होता.

पोथीची लिपि बाळबोध. व्यवहाराची लिपि मोडी. मोडीचा आरंभ परंपरेनें तेराव्या शतकांतील यादवांचा मंत्री हेमाडपंत ह्याच्याकडे जातो. तिचा हेतु वेग हा होता. लेखक आधीं कागदाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं, होतां होईल तों बोरू न उचलतां, अक्षरांची सांखळी विणीत जाई. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, अनुस्वार सर्रास गळे आणि विरामचिन्हांचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळें मोडी वाचणारा आधीं आशय ताडी आणि मग अक्षर ओळखी. ‘जाऊनये’ अशीं चार अक्षरें एकत्र आलीं, तर ‘जाऊं नये’ असा निषेध समजावा, कीं ‘जाऊन ये’ अशी आज्ञा समजावी? दोन अक्षरांमध्यें एक बोटाची जागा सुटली असती, तर हा घोंटाळा उद्भवलाच नसता. कचेरींतल्या मुरलेल्या कारकुनाला संदर्भावरून अर्थ कळे. परक्याला तो कळणें कठीण होतें.

दरबारी कागदांत मात्र घोंटाळा परवडणारा नव्हता, म्हणून तेथें मांडणीलाच पहारेकरी नेमलें होतें. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपतांच मोर्तब उमटविलें जाई. त्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ ह्या शब्दांचा अर्थ, येथें मर्यादा शोभते, असा आहे. मजकुराची हद्द येथें संपली. ह्याच्या खालीं कोणी कांहीं लिहिलें तर तें पत्राचें नव्हे, असा त्याचा व्यवहारांतील अर्थ. कागदाचे तुकडे जोडून लांब पत्र केलेलें असेल, तर सांध्याच्या मागील बाजूसही शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालतां येऊं नये. अशा रीतीनें पत्राच्या नीट रचनेवर राज्याचा विश्वास उभा होता.

हा विश्वास ढळला तर काय होतें, ह्याविषयीं मराठी मनांत एक आख्यायिका खोल रुतून बसली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरावें, असा मूळचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनीं ‘ध’ चा ‘मा’ करून ‘धरावें’ चें ‘मारावें’ केलें, असें लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. खून हें इतिहासाचें सत्य आहे. अक्षर बदलल्याची गोष्ट लोककथेची आहे, तिला पुराव्याचें पाठबळ नाहीं. तथापि लोकांनीं हीच कथा कां धरून ठेविली, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. एका अक्षरावर एका माणसाचा प्राण अवलंबून असूं शकतो, ही गोष्ट मोडीच्या राज्यांत वावरणाऱ्या समाजाला पूर्णपणें संभवनीय वाटत होती.

लेखनांतील दुसरी एक उणीव दिसावयास अगदीं किरकोळ, परंतु तिनें अभ्यासकांना फार छळलें. मराठी अमलांतील असंख्य पत्रांवर चांद्र महिना आणि तारीख आहे, पण वर्ष नाहीं. पत्र लिहिणाराला तें चालू वर्ष ठाऊक होतें आणि पत्र घेणारालाही ठाऊक होतें. मग लिहावें कशाला? विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत बाहेर पडले. अशा कामांत वर्ष नसलेलें पत्र हातीं आलें, कीं त्यांत उल्लेखिलेल्या माणसांवरून, मोहिमांवरून, बाजारभावावरून त्याचें वर्ष ठरवावें लागे. लिहिणारानें चार आंकडे टाळले. त्याची भरपाई करण्यांत दीडशें-दोनशें वर्षांनंतरच्या विद्वानांचे दिवसच्या दिवस खर्ची पडले. निबंधाच्या माथ्यावर नांव, विषय आणि दिनांक लिहिण्याचा विद्यार्थ्याला कंटाळा येतो, तेव्हां त्यानें ह्या पत्रांची आठवण करावी.

एकोणिसाव्या शतकांत छापखाना आला आणि लेखनाच्या मांडणीचें स्वरूप पालटलें. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें मराठी पंचांग छापलें. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. त्याच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर असे, म्हणजे दोन भाषांचे वाचक एकाच पानावर एकमेकांशेजारीं बसत. १८३६ मध्यें दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. पोथ्यांत विराम दाखविण्यास एक-दोन दंड पुरत असत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हीं चिन्हें मराठींत रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी ह्यांना दिलें जातें. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० ची. १८६९ मध्यें जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी टंकांच्या सुबकपणाचा एक आदर्श घालून दिला.

छापखान्यानें एक गोष्ट विशेष स्पष्ट केली. खिळे जुळविणाऱ्या कामगाराला दोन शब्दांमध्यें जागा सोडावयाची असेल, तर नुसतें थांबून चालत नसे. तेथें शिशाचा एक कोरा तुकडा बसवावा लागे. दोन ओळींमध्यें अंतर हवें असेल तर शिशाची पट्टी घालावी लागे. समर्थांच्या काळीं लेखक शिशानें रेघा ओढीत. छापखान्यांत त्याच शिशानें मोकळी जागा घडविली. पानावरील कोरेपण ही उरलेली जागा नसून जाणूनबुजून ठेवलेली वस्तु आहे, हें त्या कामगाराच्या बोटांना ठाऊक होतें. पुढें १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघूं लागली आणि निबंध हा प्रकार सुशिक्षितांच्या घरांत स्थिरावला. एका मुद्द्याला एक परिच्छेद, आणि नव्या मुद्द्याला नवी ओळ किंचित् आंत सरकवून, ही छापील गद्याची शिस्त वाचकांच्या नजरेला सवयीची झाली.

याच सुमारास विद्यार्थ्याच्या लेखनाचा वाचकही बदलला. पंतोजी आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलाचें अक्षर ओळखीत. मुलगा अडला तर विचारतां येई. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्यें त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. आतां मुलानें लिहिलेलें उत्तर दूर कोठें तरी बसलेला, त्याला कधींही न पाहिलेला परीक्षक वाचूं लागला. त्याला मुलाचा चेहरा माहीत नव्हता, घराणें माहीत नव्हतें, मनांत काय म्हणावयाचें होतें हेंही माहीत नव्हतें. त्याच्यापुढें फक्त कागद होता. पोथीच्या लेखकाला जो अज्ञात वाचक होता, तोच आतां शाळेंतल्या मुलाच्या वांट्याला आला. गुण मांडण्यासाठीं समास, प्रश्न ओळखण्यासाठीं क्रमांक, मुद्दा दिसण्यासाठीं परिच्छेद, हें सारें त्या परक्या माणसाशीं नीट बोलतां यावें म्हणून आवश्यक ठरलें.

येथें एक आक्षेप निघतो आणि तो दुर्लक्षून चालणार नाहीं. अक्षर मोत्यासारखें आणि विचार पोकळ, असे निबंध कांहीं थोडे नाहींत. उलट, बुद्धिमान परंतु गचाळ अक्षराच्या मुलावर अन्याय होतो, हेंही खरें आहे. महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत स्वतःच्या वाईट अक्षराविषयीं खेद व्यक्त केला आहे. शिक्षणाला सुंदर अक्षराची गरज नाहीं, अशी समजूत त्यांनीं लहानपणीं करून घेतली होती; पुढें दक्षिण आफ्रिकेंत वकिलांचीं आणि तेथील तरुणांचीं वळणदार अक्षरें पाहून त्यांना लाज वाटली. मुलाला आधीं चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरें काढावयास लावावीं, असें त्यांचें मत झालें. परंतु अक्षर वाईट म्हणून गांधींच्या विचारांचें मोल कमी झालें, असें कोणी म्हणणार नाहीं. दासबोधाचा क्रमही येथें उद्बोधक आहे. लेखनक्रियेच्या समासानंतर लगेच येणारा समास विवरणाचा आहे. नीट लिहिणें ही पायरी. तिच्यावर थांबावयाचें नसतें, पण ती गाळून वर जातांही येत नाहीं.

म्हणून नीटनेटकेपणा म्हणजे नटवेपणा नव्हे, हें विद्यार्थ्यानें ओळखावें. चार रंगांच्या शाया, नक्षीदार कडा आणि प्रत्येक ओळीखालीं रेघ ह्यांनीं निबंध सजतो, पण वाचावयास सोपा होत नाहीं. ज्या गोष्टीनें वाचणाराचे श्रम कमी होतात ती ठेवावी, बाकीची सोडावी, एवढी एकच कसोटी पुरे. आधीं कच्चें लिहून घ्यावें. त्यांत हवी तेवढी खाडाखोड करावी, कारण खाडाखोड ही विचार चालू असल्याची खूण आहे. मग पक्कें लिहितांना समास एकसारखा सोडावा, शब्द सुटे लिहावे, एका परिच्छेदांत एकच मुद्दा ठेवावा, चूक झाल्यास एकाच सरळ रेघेनें छेदून पुढें शुद्ध शब्द लिहावा, दुसऱ्याचें वचन घेतलें तर अवतरणचिन्हांत घालून त्याचें नांव द्यावें, पानांना क्रमांक घालावे आणि शेवटीं सारें एकदां परक्याच्या डोळ्यांनीं वाचून पाहावें. संगणकावर लिहिणाऱ्या मुलाला समास यंत्रच सोडून देतें आणि अक्षर आपोआप सारखें येतें. परंतु परिच्छेद कोठें तोडावा, विराम कोठें द्यावा आणि पान किती भरावें, हें यंत्राला कळत नाहीं. तें ठरविणें अजून लिहिणाराच्याच हातीं आहे.

पुण्याच्या दप्तरांत आजही मोडी कागदांचे असंख्य रुमाल आहेत आणि ते वाचूं शकणारे लोक त्या मानानें फार थोडे आहेत. त्या कागदांवर कोणाची तरी तक्रार आहे, कोणाचा हिशोब आहे, कोणाचें आपल्या घरच्यांना लिहिलेलें क्षेमकुशल आहे. लिहिणारे केव्हांच गेले. त्यांनीं जें नीट लिहिलें तें अजून बोलतें. जें घाईनें, वर्षावांचून आणि शब्द न तोडतां लिहिलें, तें कोणी दयाळू वाचक येईपर्यंत मुकें पडून राहतें. निबंधाच्या वहींत समास सोडणारा मुलगा ह्याच परंपरेंतला आहे. आपल्या शब्दांसाठीं कोण्या परक्या माणसाला असें तिष्ठावें लागूं नये, एवढी काळजी त्यानें घेतली, तर त्याच्या लेखनाला वळण लागलें असें म्हणावें.